बुद्धाला दुर्बिणीचे प्रमाणपत्र कशाला?

मार्च २०२५ मध्ये ‘डेसी’ या प्रकल्पाचे नवे निकाल जाहीर झाले. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या किट पीक इथल्या दुर्बिणीतून जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांच्या नोंदी घेऊन वैज्ञानिकांनी सांगितले, की विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी डार्क एनर्जी काळाबरोबर बदलत असावी, असा संकेत मिळतो आहे. अशी बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तिचे काय होते, ते आपण सगळेच जाणतो. वर बुद्धाचा फोटो, मागे आकाशगंगा, मधोमध ‘विज्ञान आज सांगते ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले’ आणि खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’. डार्क एनर्जीसुद्धा अनित्य निघाली, म्हणजे बुद्ध जिंकला!

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. असे पोस्टर बुद्धाची उंची कमी करते आणि आपल्या चळवळीचे नुकसान करते. कसे, ते समजण्यासाठी आधी त्या विज्ञानाकडे नीट पाहावे लागेल.

विज्ञान नेमके काय म्हणते?

जितकी दीर्घिका लांब, तितक्या वेगाने ती आपल्यापासून दूर जाते, हे एडविन हबलने १९२९ मध्ये दाखवले. विश्व पसरते आहे, तर पूर्वी ते दाट आणि तापलेले असले पाहिजे. या विचाराला ‘बिग बँग’ हे नाव फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर दिले. हॉइल स्वतः त्या सिद्धांताचे विरोधक होते, तरी नाव चिकटले ते चिकटलेच. पुढे पेन्झियस आणि विल्सन या दोघांना आपल्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच येणारी खरखर सापडली. अँटेनातली कबुतरांची घाण साफ करूनही ती गेली नाही. १९६५ मध्ये उलगडा झाला, की हे तप्त बालविश्वाचे उरलेले प्रारण आहे. आज त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश आहे. या सगळ्या हिशेबाने विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे येते.

१९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे, तपासले. त्यातल्या एका प्रकारच्या ताऱ्यांची मूळ चमक किती असते याचा अंदाज बांधता येतो. शंभर वॅटचा बल्ब किती मंद दिसतो यावरून तो किती लांब आहे हे काढावे, तसे त्यांचे अंतर काढतात. हे तारे अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अपेक्षेपेक्षा लांब निघाले. गुरुत्वाकर्षणामुळे विश्वाचे पसरणे हळूहळू मंदावायला हवे होते, पण त्याने उलट वेग घेतला होता. या कामाला २०११ चे नोबेल मिळाले. वेग देणाऱ्या त्या अज्ञात कारणाला डार्क एनर्जी म्हणतात, मराठीत कृष्ण ऊर्जा. आजच्या गणितानुसार विश्वातले सुमारे ६८ टक्के तीच आहे, सुमारे २७ टक्के डार्क मॅटर, आणि तारे, ग्रह, तुम्ही-आम्ही ज्याचे बनलो आहोत ते साधे द्रव्य फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ६८ टक्क्यांना नाव मिळाले आहे, पण ते आहे काय, हे अजून कोणालाच माहीत नाही.

या कोड्यावर आपल्या महाराष्ट्रातही मोठे काम झाले. पुण्याच्या आयुका या संस्थेतले थनू पद्मनाभन यांनी डार्क एनर्जीच्या प्रश्नावर कित्येक वर्षे काम केले. रिकाम्या अवकाशालाही ऊर्जा असते असे क्वांटम सिद्धांत सांगतो, पण सरळ हिशेब केला तर उत्तर निरीक्षणापेक्षा एकावर सुमारे १२० शून्ये इतक्या पटीने मोठे येते. हिशेब एवढा चुकलेला असताना कोणी शहाणा माणूस ‘आम्हाला सगळे कळले’ म्हणत नाही. त्याच संस्थेतले वरुण साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच सुपरनोव्हांच्या नोंदी घेऊन प्रश्न विचारला होता, की डार्क एनर्जी काळाबरोबर बदलते का? वीस वर्षांनी डेसीने हाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. तोही सावधपणे. पक्का शोध म्हणायला भौतिकशास्त्रात ५ सिग्माची खात्री लागते. डेसीची खात्री, सुपरनोव्हांच्या कोणत्या नोंदी सोबत घेतल्या त्यानुसार, २.८ ते ४.२ सिग्मा इतकी आहे. ज्यांनी मोजले ते ‘संकेत’ म्हणतात, आणि ज्यांनी पोस्टर बनवले ते ‘सिद्ध झाले’ म्हणतात!

नारळीकरांकडून काय शिकायचे?

डेसीच्या निकालानंतर दोन महिन्यांनी, २० मे २०२५ रोजी, डॉ. जयंत नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. मराठी घरांत त्यांचे नाव ‘बिग बँगचे शास्त्रज्ञ’ म्हणून घेतले जाते. खरे तर ते आयुष्यभर बिग बँगच्या विरोधात उभे राहिले. हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्व पसरते, पण नवे द्रव्य तयार होत राहते, म्हणून विश्वाला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, या स्थिर स्थितीच्या मांडणीचे ते पाठीराखे होते. १९६५ च्या त्या प्रारणाने या मांडणीला जबर धक्का दिला. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी ती सुधारून मांडली. विश्व अनादि, पण आकुंचन-प्रसरणाच्या लांबलचक फेऱ्यांतून जाणारे. डार्क एनर्जीची चर्चा जोरात असताना २००२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत म्हटले, की सुपरनोव्हा मंद दिसण्याचे कारण अवकाशातली धातूच्या सूक्ष्म तंतूंची धूळही असू शकेल. बहुतेक वैज्ञानिकांना ते पटले नाही. पुरावे त्यांच्या बाजूला वळले नाहीत.

मग त्यांच्याकडून शिकायचे काय? १९८८ ते २००३ ते आयुकाचे संस्थापक संचालक होते. त्याच काळात, त्याच छताखाली, पद्मनाभन आणि साहनी हे डार्क एनर्जी खरी धरून संशोधन करत होते. संचालकाच्या मताच्या विरोधातले विज्ञान संचालकाच्याच संस्थेत वाढत होते. अध्यक्षाच्या मताविरुद्ध बोललेला कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून काढला जातो, अशा संघटना आपण जवळून पाहिल्या आहेत. म्हणून ही गोष्ट आपण मनावर घेतली पाहिजे. मतभेद बाळगावा, तो पुराव्याच्या मैदानात मांडावा आणि विरोधकाला टेबल-खुर्ची द्यावी.

हीच पट्टी त्यांनी ज्योतिषाला लावली. २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञान शिकवायचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोध केला. २००८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्या सोबतीने त्यांनी ज्योतिष्यांची परीक्षाच घेतली. शंभर हुशार मुले, शंभर मतिमंद मुले, दोनशे पत्रिका. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या आणि ओळखायला सांगितले. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. एकूण ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर याहून बरे जमले असते.

जो दोन्हीकडून जिंकतो, त्याची साक्ष कोण धरणार?

आता पुन्हा त्या पोस्टरकडे येऊ. बिग बँग खरा ठरला तर म्हणायचे, ‘बुद्धाने सांगितले होते, सगळे कारणातून उत्पन्न होते.’ नारळीकरांचे अनादि विश्व खरे ठरले असते तर म्हटले असते, ‘बुद्धाने सांगितले होते, संसाराला आदी नाही.’ डार्क एनर्जी बदलती निघाली तर अनित्यता, आणि कायमची निघाली तर त्यावरही कोणीतरी काहीतरी शोधून काढेल. निकाल कोणताही लागो, आपण जिंकलोच! असा दावा कधीच हरू शकत नाही, म्हणूनच तो काही सिद्धही करू शकत नाही. ज्योतिष्याचे भविष्य असेच असते. आणि समजा उद्या पुढच्या नोंदींनी दाखवले, की डार्क एनर्जी जराही बदलत नाही. मग काय अनित्यतेचा सिद्धांत खोटा पडला म्हणायचे? दुःख, तृष्णा, म्हातारपण, सत्तेचा माज यांच्या अनित्यतेला किट पीकच्या दुर्बिणीची काय गरज आहे?

बाबासाहेबांनी हे आधीच स्पष्ट करून ठेवले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्म काय नाही, याची त्यांनी यादीच दिली आहे. ईश्वरावरची श्रद्धा, आत्मा आणि यज्ञ यांच्या सोबत त्या यादीत नुसत्या तर्कटावर उभ्या असलेल्या श्रद्धाही आहेत. विश्व कसे निर्माण झाले, ते शाश्वत आहे की नाही, असे प्रश्न तिथे येतात. बुद्धाने हे प्रश्न धम्माबाहेर का ठेवले? बाबासाहेबांच्या मांडणीप्रमाणे, त्यांची उत्तरे द्यायला सर्वज्ञता लागते, ती कोणाजवळही नसते, आणि काही ना काही नेहमी अज्ञात राहतेच. मालुंक्यपुत्ताच्या कथेतही तेच आहे. विषारी बाण रुतलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याचे कूळ विचारत बसू नये, आधी बाण काढावा.

जो शास्ता सर्वज्ञतेचा दावा करत नाही, त्याच्या तोंडी आपण डार्क एनर्जी घालणार? ‘भविष्याचा धर्म बौद्ध धर्म असेल’ असे आइन्स्टाइन म्हणाल्याचे वाक्यही असेच फिरते. ते त्याच्या लिखाणात सापडत नाही. कालामसुत्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी न तपासता पुढे ढकलू नये.

या बाबतीत एका कॅथलिक पाद्र्याचे वागणे पाहण्यासारखे आहे. जॉर्ज लमेत्र हे पाद्रीही होते आणि भौतिकशास्त्रज्ञही. विश्वाच्या प्रसरणाची मांडणी त्यांनी १९२७ मध्ये केली होती. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या नव्या विज्ञानातून ईश्वराने केलेल्या निर्मितीला पुष्टी मिळते, अशा अर्थाचे भाषण केले. सर्वांत जास्त अस्वस्थ झाले ते लमेत्र. त्यांनी खटपट करून हा प्रकार थांबवला. सिद्धांत उद्या बदलला तर धर्माचे काय, हे त्यांना कळत होते. पाद्र्याला जे कळले ते आपल्याला कळायला काय हरकत आहे?

‘सगळे वेदात आहे’वाल्यांचे आणि आपले

२०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा आपण सगळे हसलो. हसायलाच हवे होते. पण वेदात विमान शोधणारा आणि त्रिपिटकात डार्क एनर्जी शोधणारा, दोघांची रीत एकच आहे. शोध दुसऱ्याने लावायचा, मेहनत दुसऱ्याने करायची, आणि मग आपल्या पोथीवर बोट ठेवायचे.

या रोगावर सर्वांत नेमका घाव घातला तो मेघनाद साहा यांनी. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचा, खालची मानलेल्या जातीतला हा मुलगा. कोलकात्याच्या वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्याला आपल्या पंक्तीत बसू दिले नाही. त्याच साहांनी १९२० मध्ये तापमान आणि दाब यांनुसार अणूंतून इलेक्ट्रॉन किती सुटे होतात याचे समीकरण मांडले. ताऱ्यांचा प्रकाश वाचायची किल्ली जगाला मिळाली. बालविश्व थंड होत होत सुमारे ३००० अंशांवर आले, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र आले आणि प्रकाश मोकळा झाला. ही घटना सुरुवातीपासून सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी घडली. तिचा पहिला हिशेब भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आजही साहा समीकरणानेच करतात. ज्याला पंक्तीत जागा नाकारली, त्याच्या नावाचे समीकरण विश्वाच्या पहिल्या प्रकाशापर्यंत पोहोचले. एक वकील साहांच्या कामाविषयी ऐकून घेत होता आणि प्रत्येक वाक्याला ‘यात नवीन काय, हे तर वेदात आहे’ म्हणत होता. साहांनी हा किस्सा लिहून त्या वृत्तीची जाहीर खिल्ली उडवली. आपण साहांच्या बाजूला बसायचे की त्या वकिलाच्या?

तरीही हे विज्ञान आपले का आहे?

कोणी म्हणेल, विश्वाची उत्पत्ती धम्मात येत नाही, तर मग आंबेडकरी माणसाला तिच्याशी काय घेणे-देणे? घेणे-देणे आहे. या देशात विश्वाच्या उत्पत्तीची गोष्ट कधीच निरुपद्रवी नव्हती. पुरुषसूक्तात विश्वाच्या निर्मितीबरोबरच चार वर्णांची निर्मितीही सांगितली आहे, कोणी मुखातून, कोणी पायातून. बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात या सूक्ताची कसून उलटतपासणी केली. विषमतेला विश्वाच्या जन्माचाच दाखला द्यायचा, ही त्यामागची चाल त्यांनी उघडी पाडली.

बालविश्वाचे विज्ञान हा दाखला रद्द करते. तिथे हायड्रोजन आणि हेलियम सापडतात, मुख आणि पाय सापडत नाहीत. पण आपणही उलटा दाखला काढायला जाऊ नये. ‘सुरुवातीला जात नव्हती, म्हणून समता खरी’ हा युक्तिवाद तितकाच कच्चा आहे. भौतिकशास्त्र त्यांचा पुरावा काढून घेते, आपल्याला पुरावा देत नाही. समता हा माणसांनी माणसांसाठी घेतलेला निर्णय आहे. तो धम्मात आहे, संविधानात आहे, आणि तो आपल्याला रोज निभवावा लागतो.

खरा प्रश्न जागेचा

नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आई संस्कृतच्या विदुषी. मामा घरातल्या फळ्यावर गणिताचे कोडे लिहून ठेवत आणि भाच्याला आव्हान देत. त्यांच्या बुद्धीबद्दल आणि सचोटीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण समाजशास्त्र ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणते ते हेच. ज्या घरात फळा असतो त्या घरातल्या मुलाला विश्वाचा विचार करायची सवड मिळते. ज्या घरात बाप रात्रपाळीवरून येतो आणि एकाच खोलीत पाच माणसे झोपतात, तिथल्या मुलीला ही सवड समाजाने आणि सरकारने मिळवून द्यावी लागते.

सरकारने काय केले? केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना आरक्षण देणारा कायदा २००६ मध्ये झाला. त्याच कायद्याने परिशिष्टात नावे घालून काही संस्थांना त्यातून सूट दिली. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, जिथे नारळीकरांनी १९७२ पासून काम केले. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट आणि तिच्या घटक संस्था आहेत, म्हणजे चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था आणि अलाहाबादची हरिश्चंद्र संशोधन संस्थासुद्धा. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आहे. देशात सैद्धांतिक भौतिकशास्त्र जिथे घडते, त्या मोठ्या घरांपैकी कितीतरी घरे या यादीत बसली आहेत. ‘उत्कृष्टता’ नावाच्या शब्दाने दार लावून घेतले आहे. या परिशिष्टावर आपल्यापैकी किती जणांनी पोस्ट लिहिली?

रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी जाताना लिहून ठेवले, की त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते आणि ताऱ्यांवर त्याचे प्रेम होते. त्याच्या फोटोला आपण दरवर्षी अभिवादन करतो. त्याला हवे असलेले तारे मात्र आपण आपल्या अजेंड्यावर घेतले नाहीत.

नागपूरकरांनी काय करायचे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी या शहरात लाखोंनी २२ प्रतिज्ञा घेतल्या आणि देव-अवतारांची उत्पत्तिकथा नाकारली. त्या जागी दुसरी पोथी आणायला नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये याच शहराच्या विद्यापीठात १०८ वी विज्ञान काँग्रेस भरली. दीक्षाभूमीच्या आवारातल्या डॉ. आंबेडकर महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे. गांधीसागरजवळ रामन विज्ञान केंद्राचे तारांगण आहे. सगळे हाताच्या अंतरावर आहे.

तर काही साध्या गोष्टी करू. उत्तर नागपुरातल्या विहारांच्या अभ्यासिकांत एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी भौतिकशास्त्र आणि गणिताचे एक कपाट असू द्या. बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना जॅम, जेस्ट आणि नेट या परीक्षांची माहिती दुसऱ्या वर्षालाच द्या, कारण अनेकांना ती पदवी हातात आल्यावर कळते. महिन्यातून एक रविवार धम्मवर्गातल्या मुलांना तारांगणात न्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो रुपयांची पुस्तके विकली जातात, त्या स्टॉलवर विज्ञानाचाही ढीग लागू द्या. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधकांना रस्त्यावर बसावे लागते, तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसा. आणि २००६ च्या कायद्यातले ते परिशिष्ट रद्द करा, ही मागणी आपल्या निवेदनांत पहिल्या पाचांत येऊ द्या.

डार्क एनर्जी बदलते की नाही, हे पुढच्या काही वर्षांत नोंदी सांगतील. उत्तर काहीही आले तरी बुद्धाचे काही बिघडणार नाही. त्या नोंदींखाली सह्या करणाऱ्यांत इंदोऱ्याची, पाचपावलीची एखादी मुलगी असेल का, एवढेच आपल्या हातात आहे. पोस्टर शेअर करायला दोन सेकंद लागतात, ती मुलगी तिथवर पोहोचायला वीस वर्षे लागतील. म्हणून आजच सुरुवात करू.

जय भीम!